तुझ्या नावावरची चूक

अंजना, परवा विहारात तुझ्यासाठी आदरांजलीची सभा झाली. माणसं पुष्कळ आली. बाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, यातली निम्मी जरी रोज आली असती तरी खोली झाडायला बाई शोधत फिरावं लागलं नसतं.

समितीचा सचिव सुधाकर बोलायला उभा राहिला. विहारामागच्या खोलीत परक्या गावची किती माणसं तुझ्यामुळे उतरली, ते त्यानं चांगलं सांगितलं. मग म्हणाला, "सुरुवातीला अंजनाबाईंच्या हातून एक चूक झाली होती. पांढरे कपडे घालून गेलेल्या बायांनी एका बंगाली निर्वासित बाईला घाबरवलं. पण त्या चुकीतून त्या शिकल्या." लोकांनी माना हलवल्या. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मी पुढेच खुर्चीवर बसले होते, कारण माझे गुडघे आता जमिनीला तयार होत नाहीत. मी काही बोलले नाही. पन्नासहून जास्त वर्षं बोलले नाही, तेव्हा त्या दिवशी एकदम कुठून बोलणार?

आता तो तुझ्या आठवणींची पुस्तिका काढतो आहे. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही सबसे पुरानी. दोन पानं लिहून द्या." मी चौथीपर्यंत शिकलेली. कागद पुढे घेऊन दोन दिवस नुसती बसले. तुझी स्तुती करायला दुसरे आहेत, आणि ती तू कमावली आहेस. मला एवढंच लिहायचं आहे की ती चूक तुझी नव्हती, माझी होती. तुला सगळं माहीतच आहे. पुस्तिका वाचणाऱ्या पोरींना माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू मोठ्या सरकारी दवाखान्यात आया होतीस. आपण दोघी भंडाऱ्याकडून लग्न होऊन जबलपुरात गढ्याच्या एकाच गल्लीत आलो, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्या दिवसांत पूर्व बंगालातून घरदार सोडून आलेल्या लोकांच्या गाड्या जबलपूरवरून इटारसीकडे जायच्या. तिकडे जंगलाच्या कडेला त्यांना जमिनी मिळणार होत्या. अशाच एका गाडीतून शेफाली उतरली. उतरली म्हणजे उतरवली. तिची तीन वर्षांची पोरगी, बुली, हगवणीनं अर्धमेली झाली होती. नवरा आणि म्हातारी सासू गाडीतच राहिले, कारण यादी वाचताना माणूस हजर नसला तर जमीन जाईल अशी त्यांना भीती होती.

बुली तुमच्या दवाखान्यात वाचली. पण खाट रिकामी करायची वेळ आली तेव्हा मायलेकींना जायला जागा नव्हती. तू ड्यूटी संपवून त्यांना सोबत घेऊन आलीस आणि विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलंस. तिथं सतरंज्या आणि भोंगा ठेवत होते. मी तुला म्हटलं, "समितीला विचारलं काय वं?"

"सतरंज्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या."

"आणि समिती?"

"समितीला तिथं झोपायचं आहे काय?"

तुझ्याशी बोलायची सोय नव्हती. समितीनं नंतर आठ दिवसांची परवानगी दिली, तीही तोंड वाकडं करून.

शेफालीला हिंदी येत नव्हती आणि आपल्याला बंगाली. दवाखान्यातल्या कारकुनानं तिच्या नवऱ्याच्या छावणीत कार्ड टाकलं होतं. तू सकाळी खोलीत गेलीस की ती एकच शब्द विचारायची, "चिठि?" तो आपल्यालाही कळायचा. तू मान हलवून नाही म्हणायचीस. मग ती हातातल्या बांगड्यांकडे बघायची. एक पांढरी शंखाची, एक लाल. त्यांच्यात सवाशिणीचं ते लेणं.

मग वैशाखातली पौर्णिमा आली. दीक्षा घेतल्यापासून आपण बाया त्या दिवशी पांढरं नेसून वंदनेला जातो. आमच्या आई-आजींना धुतलेलं पांढरं अंगावर घालायची सोय नव्हती, घातलं तर गावात विचारणारे होते. म्हणून मला त्या लुगड्याचा फार अभिमान होता. अजून आहे. गल्लीच्या तोंडावरची किराणावाली दर पौर्णिमेला आम्हाला बघून ओरडायची, "आज बेवा-मंडली कहाँ चली?" विधवा म्हणायची ती आम्हाला. ती ओरडली की मी पदर आणखी ठीक करायची आणि तिच्या दुकानासमोरूनच जायची.

त्या दिवशी आपण अकरा जणी जमलो. आधी शेफालीला खीर द्यायची आणि मग वंदनेला बसायचं असं ठरलं होतं. तू म्हणालीस, "खोलीत साध्या लुगड्यांत जाऊ. कपडे मागून बदलू."

मी म्हटलं, "काहून?"

"दवाखान्यात मी बंगाली बाया पाहिल्या आहेत. त्यांच्यात नवरा गेला की कोरं पांढरं. आपण अकरा जणी जाऊन राहिलो."

"आपले नवरे जिवंत आहेत."

"ते तिले कोण सांगणार?"

"पाहू दे ना तिले. शिकेल. त्या किराणावालीसाठी मी बदललं नाही, हिच्यासाठी बदलू?" असं म्हणून मी बाकीच्यांना म्हटलं, "चला गं." आणि निघाले. त्या माझ्या मागे आल्या. तू खिरीचं पातेलं घेऊन सगळ्यांच्या शेवटी होतीस.

माझ्या हातात एक घडी केलेला कागद होता. मला वंदना पाठ राहत नव्हती, म्हणून आमच्या घरच्यांनी, मालकांनी, ती लिहून दिली होती.

शेफालीनं दार उघडलं. समोर पांढऱ्यातल्या बाया, आणि पुढचीच्या हातात कागद. तिनं माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. विचारलंसुद्धा नाही. खाली बसली आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. शंख फुटतो तो काचेसारखा फुटत नाही. जाड आवाज येतो. मनगटातून रक्त आलं. मग पदरानं भांग पुसला, घासून घासून पुसला. तोंडातून आवाज नव्हता. आवाज नंतर आला, आणि तो ऐकून आपल्यातल्या दोघी काय झालं ते न कळताच रडायला लागल्या, बाकीच्या पळाल्या.

तू पातेलं ठेवून पुढे आलीस. "चिठि नाही, चिठि नाही," म्हणत तिचे हात धरलेस. तिला ऐकू येत नव्हतं. तू मला म्हणालीस, "तो कागद दूर कर." मी घाबरून कागद कमरेला खोचला. तिनं ते बघितलं. आता तर तिची खात्रीच झाली असणार की हिनं चिठ्ठी लपवली.

दुपारी तू रेल्वेच्या वसाहतीत एक बंगाली बाबू राहायचे त्यांना आणायला गेलीस. मला म्हणालीस, "हिच्याजवळ बस. हलू नको." मी बसले नाही. घरी स्वयंपाक पडला आहे असं स्वतःला सांगितलं आणि निघून गेले. खरं म्हणजे तिच्याकडे मला बघवत नव्हतं. तू परत आलीस तेव्हा बाबू सुट्टीवर गेलेले, आणि खोली रिकामी. तुझी हाक ऐकून मी धावत आले.

किराणावालीनं सांगितलं, "गंगा, गंगा कर रही थी. हमने कहा नर्मदाजी उधर हैं." तिनं ग्वारीघाटाचा रस्ता दाखवला होता. भर वैशाखात, नुकत्या बऱ्या झालेल्या पोरीला कडेवर घेऊन ती निघाली होती. ती तिथं काय करेल हे आपल्याला माहीत नव्हतं. नहाण घेईल, केस उतरवेल, का पाण्यातच जाईल. किराणावालीच्या दोरीवर तिचं लाल छापील लुगडं वाळत होतं, ते ओढून घेतलंस आणि म्हणालीस, "दीदी, ये ले जा रही हूँ." तिच्याच दुकानाच्या आडोशाला पांढरं उतरवून ते नेसलीस. तोवर त्या बाईनं टांगा थांबवून ठेवला होता. एरवी कोणाला एक लवंग जास्त न देणारी बाई.

घाटावर ती पायऱ्यांच्या एका कडेला बसली होती, पाण्यापासून हातभर. बुली तिच्या पाठीला टेकून पेंगत होती. नाववाले लांबून बघत होते. तू मला म्हणालीस, "तू वरच थांब." आणि खाली जाऊन तिच्या शेजारी बसलीस. बोललीस काहीच नाही. पोरीला मांडीवर घेतलंस, ओंजळीनं पाणी पाजलंस, तिचं डोकं ओलं केलंस. मग तू वर बघून म्हणालीस, "तो कागद आण."

मी आणला. तू तो शेफालीच्या हातात दिलास. तिनं उलटासुलटा करून बघितला. अक्षरं आपली, तिला काय कळणार. तिनं विचारलं, "चिठि?" तू मान हलवलीस. तिनं विश्वास ठेवला नाही. तेव्हा तू मला म्हणालीस, "वाच."

"इथं?"

"इथंच. मोठ्यानं."

समोर पंडे बसलेले, फुलांच्या टोपल्या मांडलेल्या, लोक दिवे सोडून राहिलेले. त्यांच्यात मी पांढरं लुगडं नेसून बुद्धवंदना वाचायची. माझी मान काही सरळ होईना. तू म्हणालीस, "सकाळी तर मोठी ताठ होतीस. वाच आता."

मी वाचायला लागले. "बुद्धं सरणं गच्छामि." दुसरी ओळ वाचली, तिसरी वाचली. एक पंडा हसला, दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. शेफालीनं मान वर केली. तिच्या मुलखात हे शब्द कधीतरी तिच्या कानावर पडले असतील. तिनं कागदावर बोट ठेवून विचारलं, "बुद्धो ठाकुर?" त्यांच्यात देवाला ठाकुर म्हणतात. तू म्हणालीस, "हो. ठाकुर. चिठि नाही."

तिला कळलं. पण कळल्यावर तिनं आपल्या रिकाम्या मनगटांकडे बघितलं आणि मग ती जी रडली, ते सकाळपेक्षा वाईट होतं. चिठ्ठी आली नव्हती. पण नवरा जिवंत असल्याचंही कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपल्याच हातानं तिनं त्याला मारून टाकलं होतं.

तू उठलीस. म्हणालीस, "मी जाते. घेऊन येते त्याले."

मी म्हटलं, "कुठून? नाव तरी माहीत आहे काय त्याचं?"

नाव ती सांगत नव्हती. कशी सांगणार, आपण तरी घेतो काय? मला उखाण्यातसुद्धा लाज वाटायची. कारकुनानं विचारलं तेव्हाही तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं कार्डावर "बुलीचे वडील" एवढंच लिहिलं होतं. हे आपल्याला मागून कळलं. हजारभर झोपड्यांत ते कार्ड कोणाला पोचणार?

तू दवाखान्यात चार दिवसांची रजा टाकलीस. त्याआधी भंडाऱ्याच्या पुढे एकटी कधी गेली नव्हतीस. तुझ्या नवऱ्यानं विचारलं, कधी येशील, तर म्हणालीस, "माणूस सापडला की." इटारसीला गाडी बदललीस, पुढे एका मालगाडीसारख्या गाडीनं गेलीस, मग बैलगाडी, मग पायी. छावणीत झोपडी-झोपडीपुढे उभी राहून ओरडलीस, "बुली का बाप कौन है?" असं दीड दिवस. लोकांना वाटलं, ही बाई वेडी आहे. शेवटी एक म्हातारी रडत बाहेर आली. तिची सासू होती.

माणूस जिवंत होता. रोज छावणीच्या कचेरीत जाऊन चिठ्ठी आहे का विचारत होता. कार्ड तिथंच टेबलाच्या खणात पडलेलं होतं.

चौथ्या दिवशी तू त्याला घेऊन आलीस. वाळका माणूस, पायाला फोड आलेले. शेफालीनं त्याला बघून आधी काय केलं, तर दोन्ही हात पदराखाली लपवले. तो काही विचारायच्या आत तूच म्हणालीस, "भैया, वो हमारी गलती से टूटे." हमारी म्हणालीस, माझं नाव घेतलं नाहीस. ते मला तेव्हा समजलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेली. जाताना तिच्या हातांत किराणावालीनं दिलेल्या लाखेच्या लाल बांगड्या होत्या. शंखाच्या जबलपुरात मिळाल्या नाहीत. बुलीनं तुझ्या गळ्याला घातलेले हात सोडवायला दोघं लागली.

त्यानंतरच्या रविवारी समिती बसली. गावात बोभाटा झाला होता की विहारातल्या बायांनी एका सवाशिणीला जिवंत नवऱ्याची विधवा केलं. सभापती फार चिडलेले. त्यांनी विचारलं, "पांढऱ्यात खोलीत जायचं कोणी काढलं?" आमचे घरचे तिथं समितीत बसलेले. आपण अकराही जणी भिंतीशी. मी खाली बघत होते. तू म्हणालीस, "मी म्हटलं होतं." बाकीच्या नऊ जणींना खरं माहीत होतं. तू त्यांच्याकडे असं बघितलंस की त्या गप्प बसल्या.

तुझ्याकडून खोलीची किल्ली काढली. वर्षभर वंदना सांगायला उभं राहायचं नाही, असं ठरलं. किल्ली कोणाला द्यायची तर सभापती म्हणाले, "कौसल्याबाईंकडे द्या, त्या जबाबदार आहेत." आणि मी ती घेतली.

वर्षभर तू रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन म्हणायचीस, "किल्ली दे वं." बोलण्यात खोच नसायची. मी कितीदा तुझ्या तोंडाकडे बघितलं, कुठं सापडते का म्हणून. नव्हती. खोलीत तेव्हा मंडला-डिंडोरीकडचे चैतुए उतरायला लागले होते, चैतात गव्हाच्या कापणीला येतात ते मजूर. त्यांची पोरं तापलेली असायची, बायांचे पाय फुटलेले. तू जायचीस, मी जायची. तू घरचंच जुनं छापील लुगडं नेसून जायचीस. आधी त्यांच्या सतरंजीवर बसायचीस, पातेल्यातला पहिला घास स्वतः खायचीस, मग वाढायचीस. बोलणं नंतर. कोणाला उपदेश नाही, कोणाला धर्म सांगणं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचीस, "जेव आधी." मी वाढायची आणि तुझं बघून शिकायची, पण कबूल करायची नाही.

टाळेबंदीतल्या त्या रोगाच्या साथीत रस्त्यानं पायी निघालेल्या लोकांपर्यंत हे चाललं. तेव्हा तू पंचाऐंशीच्या घरात होतीस आणि सुधाकर तुला बाहेर निघू देत नव्हता. तू खुर्ची टाकून विहाराच्या फाटकात बसलीस आणि येणाऱ्याला नुसतं हातानं आत दाखवत राहिलीस.

पांढऱ्यावरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. त्या दिवसानंतर तू पांढरं नेसून खोलीत कधी पाय टाकला नाहीस. पौर्णिमेला कोणी पाहुणा असला तर वंदनेलाही छापीलच नेसून यायचीस. भंतेजी नाराज व्हायचे. मीही चिडायची. मी म्हणायची, "आपल्या आयांनी त्यासाठी मार खाल्ला आहे. कोणी घाबरतं म्हणून आपण ते उतरवायचं काय?" तू म्हणायचीस, "आयांनी मार खाल्ला तो आपल्याले माणसासारखं वागता यावं म्हणून. लुगडं दाखवाले नाही." मी म्हणायची, माणसासारखं वागायला लुगडं कुठं आड येतं? तू म्हणायचीस, शेफालीले विचार. तिथं मी गप्प व्हायची. पण पटलं म्हणून नाही. मला आजही पटलेलं नाही. पांढरं नेसून ताठ चालणं ही लहान गोष्ट नव्हती, अंजना. तुला ती लहान वाटायची कारण तू कशानंच वाकत नव्हतीस. आमच्यासारख्यांना ते लागत होतं.

इथवर लिहून मी सुधाकरला बोलावलं. त्यानं उभ्याउभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. म्हणाला, "मावशी, हे काहून लिहिलं? इतके साल हो गए. लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"म्हणू दे."

"यातलं थोडं कमी करू काय? किल्लीचं तरी."

"एक ओळ कमी केलीस तर कागद परत दे."

मग छापतो म्हणाला. जाताना त्यानं विचारलं, "पण अंजनाबाईंनी स्वतःवर काहून घेतलं? तुम्ही तर त्यांचं ऐकलंही नव्हतं."

ते मलाही इतकी वर्षं माहीत नव्हतं. विचारायची हिंमत गेल्या महिन्यात झाली, तू दवाखान्यात होतीस तेव्हा. तू डोळे मिटून पडलेली होतीस. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी उठायला लागले. तेव्हा म्हणालीस, "तुले बोल बसले असते तर तू घरी बसली असतीस. मले कितीही बसले तरी मी जाणारच होती. खोलीले दोघी लागत होत्या."

मी म्हटलं, "एवढी भित्री होते काय मी?"

"भित्री नाही. मानी."

मग पाणी मागितलंस. मी दिलं. आणखी काही बोलणं झालं नाही, आणि मीही जे म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. नर्स आली, वेळ संपली म्हणाली. चार दिवसांनी तू गेलीस.

हे सगळं मी सुधाकरला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, सच बताओ. त्या दिवशी तुमचं नाव निघालं असतं तर तुम्ही खरंच खोलीत परत आल्या नसत्या?"

मी त्याला म्हटलं, नसते आले.